नवा पासवर्ड मागायला न आलेला एक जण

नेरूळ, नवी मुंबई

चि. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहायचं नाही अशी तंबी दिली आहेस, म्हणून मायना असा. जिन्यात आभार मानायला गेलं की ‘त्यात काय काकू’ म्हणत सटकतेस. म्हणून आता चारचौघांतच मानते.

त्या रविवारी तुला बोलावलं ते नेट रडतखडत चालत होतं म्हणून. तू राउटर उलटा केलास, खालचं स्टिकर वाचलंस आणि माझ्याच फोनवर १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता टाइप करायला लावलंस. युझरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन! बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवण्यात माझी नोकरी गेली, आणि घरात चार वर्षं हा कारभार.

मग जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. ११. आमची मोजून ६. हे लगेच ‘चोरी, चोरी’ म्हणून उठले. पण एकेक नाव वाचत गेलो तशी मीच ओशाळले. पासवर्ड मी वाटला होता, संक्रांतीच्या वाणासारखा. शेजारचा दहावीतला मुलगा, भिशीतल्या दोघी, खालचे वॉचमन. आणि पासवर्ड काय, तर यांचा मोबाइल नंबर, जो अख्ख्या सोसायटीकडे आहे.

तेव्हा मला २००८ आठवलं. अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा तो ईमेल इथूनच, दोन स्टेशनांवरच्या सानपाड्यातल्या एका घराच्या वाय-फायवरून गेला होता. पाठवणारा भलताच, पण पोलीस आले ते तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या दारात. शाखेत आम्ही चहाबरोबर चर्चा केली आणि विसरलो. तेव्हा घरी वाय-फायच नव्हतं म्हणा.

सगळ्यात आवडलं ते तुझं डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता नुसत्या पिनवर वाय-फाय जोडून देणाऱ्या सोयीचं, गणित. राउटरचा तो पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता, असं मी ऐटीत म्हणाले. तू म्हणालीस, शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि पहिले चार बरोबर आहेत की नाही हे राउटर वेगळं सांगून टाकतो. म्हणजे आधी १०,०००, मग १,०००. झाले ११,०००. अगं, एवढ्या नोटा तर कॅश काउंटरवर एका दिवसात माझ्या हातून जायच्या! ती सोय मी तिथल्या तिथे बंद केली. बाहेरून राउटर उघडण्याची सोयही बंद, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. नेटवर्कचं नाव लपवायचा माझा हट्ट मात्र तू मोडून काढलास. नाव लपवलं तर आपलेच फोन जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात म्हणे.

डब्ल्यूपीए ३ ही वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत आमच्या जुन्या टीव्हीला पचेना, म्हणून २ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय ठेवलास. नवा पासवर्ड चार असंबद्ध शब्दांचा, तोही मला सुचलेला. डायरीत लिहू का, असं भीतभीतच विचारलं. ‘खुशाल लिहा, फक्त राउटरवर चिकटवू नका.’ सेव्ह केलं आणि घरभर सन्नाटा. टीव्ही बंद, प्रिंटर बंद, ऐन शेवटच्या षटकात यांची मॅच बंद. त्यानंतर यांनी काय काय म्हटलं ते तू ऐकलंच आहेस. ते मनावर घेऊ नकोस.

पण आभार खरे मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या दीड तासात तू माझा फोन एकदाही हातात घेतला नाहीस. माझा स्वतःचा मुलगा दोन मिनिटांत ‘आण इकडे’ म्हणतो. तू हात मागे बांधून उभी राहिलीस, मी चुकीचं बटण दाबलं तरी ‘मागे जा, काही मोडलेलं नाही’ एवढंच. म्हणूनच परवा वहिनींच्या घरचा राउटर मी एकटीने केला.

पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्कही सुरू आहे, नाव ‘या बसा’. नेट बंद पडल्यावर दोन दिवसांत दहावीतला मुलगा आला, भिशीतल्या दोघी आल्या, वॉचमन तर संकोचून खालूनच फोन करून विचारत होते. चौघांनाही ‘या बसा’चा पासवर्ड दिला.

यादीतला पाचवा, ज्याचं नुसतं अक्षरं-आकड्यांचं नाव होतं, तो अजून विचारायला आलेला नाही.

तुझी,
चौथ्या मजल्यावरची काकू