विद्यापीठ क्लबचा इतिहास १९१४ पाशी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत सलग पराभवांच्या विक्रमांवर आलेल्या टिपणात, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल (फुटबॉलचा ऑस्ट्रेलियातील वेगळा प्रकार) खेळणाऱ्या मेलबर्न विद्यापीठाच्या क्लबची ओळख ‘सलग ५१ सामने हरलेला’ आणि ‘१९१४ मध्ये अस्तंगत झालेला’ संघ एवढ्याच शब्दांत करून दिली आहे. आकडा बरोबर आहे. परंतु त्यामागचे कारण गाळल्यामुळे या हौशी क्लबवर अन्याय झाला आहे, असे मेलबर्नमध्ये राहणारा आपला वाचक म्हणून मला मनापासून वाटते.

या खेळाचे पहिले नियम मेलबर्नमध्ये ज्या वर्षी लिहिले गेले, त्याच १८५९ साली हा क्लब स्थापन झाला. १९०८ मध्ये रिचमंड या क्लबबरोबर त्याला व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या व्हिक्टोरिया राज्यातील प्रमुख स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि १९१० च्या हंगामात १८ पैकी १० सामने जिंकून तो दहा संघांत सहावा आला. म्हणजे हा संघ मुळात दुबळा नव्हता. १९११ मध्ये लीगने खेळाडूंना पैसे देण्यास अधिकृत मुभा दिली, तेव्हा विद्यापीठाने मात्र आपला हौशी बाणा सोडला नाही. अभ्यास आणि परीक्षा सांभाळून खेळणारी मुले मोबदला घेऊन खेळणाऱ्यांसमोर टिकणार नाहीत, हे उघड होते. १९१३ आणि १९१४ हे दोन्ही हंगाम एकाही विजयाविना गेले.

त्याही पडत्या काळात, १९१३ मध्ये, रॉय पार्क यांनी ५३ गोल केले, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे डॉक्टर झालेले पार्क ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटी सामनाही खेळले. १९५६ मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघाचे कर्णधार इयन जॉन्सन हे त्यांचे जावई.

१९१४ च्या हंगामानंतर क्लब लीगमधून बाहेर पडला. तोवर महायुद्ध सुरू झाले होते आणि विद्यापीठाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने सैन्यात दाखल होत होते. या संघातून खेळलेले रूपर्ट बाल्फ २५ एप्रिल १९१५ रोजी, तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्याच दिवशी, मारले गेले. ज्या संघातील तरुणांच्या वाट्याला हे आले, त्याची आठवण केवळ गुणतक्त्यातील तळाच्या जागेने ठेवणे मला पटत नाही.

शिवाय क्लब बंदही पडला नाही. युद्धानंतर तो हौशी संघांच्या स्पर्धेत उतरला आणि ‘ब्लॅक्स’ व ‘ब्लूज’ या नावांचे त्याचे दोन संघ आजही व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशनच्या सामन्यांत खेळतात. आपल्या टिपणातील ‘१९१४ मध्ये अस्तंगत झालेला’ हा उल्लेख त्यामुळे चुकीचा ठरतो. तो पुढील अंकात दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, मेलबर्न