वायफायच्या नादात वायर विसरू नका, आणि चिप नुसता भाव बघून घेऊ नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

इथल्या इंजिनीअरिंगच्या लेकरांनी आयओटीची, म्हणजे इंटरनेटला जोडलेली, उपकरणं बनवावीत असा लेख तुमच्या उद्योगाच्या पानावर आला होता. चांगला होता, पण सगळा लेख वायफायवरच, वायरचं कुठं नाव नाही, म्हणून हे पत्र. आमचं चिकलठाणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. जिनिंगवाले, जालन्याचे स्टीलवाले, एखादा साखर कारखाना, यांना डेटा लॉगर (मोजलेले आकडे नोंदवून ठेवणारे) आणि मीटर रीडिंगचे डबे बनवून देतो. जालन्यातल्या एखाद्या स्टीलच्या शेडमधी जाऊन बघा, वर पत्रा, चारी बाजूनं लोखंड, शेजारी इंडक्शन फर्नेस चालू, तिथं वायफाय सकाळी चालतं अन् दुपारी कुठं जातं कुणाला कळत नाही. तिथं इथरनेटची केबलच ओढावी लागते, मग प्रश्न येतो की डब्यात चिप कोणती टाकायची, आणि इथंच बहुतेक लोक फक्त रेट बघतात.

सगळ्यात स्वस्त मिळतं ते ईएनसी२८जे६० चं मॉड्यूल. मायक्रोचिपची चिप आहे, २८ पायांची, एसपीआयवर (कंट्रोलरला जोडायच्या चार तारांवर) चालते, पोरं हातानं सोल्डर करू शकतात, लायब्ररी भरपूर, म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टात हीच दिसते. वाईट चिप नाही ती. पण ती नुसती फ्रेम, म्हणजे डेटाचं कच्चं पाकीट, आणून देते, मोंढ्यात हमालानं पोती उतरवून दिल्यासारखं, वजन, हिशोब, पावती सगळं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे टीसीपी-आयपी, नेटवर्कवर बोलायचे सगळे नियम, तुमच्या मायक्रोकंट्रोलरला (डब्यातल्या छोट्या कॉम्प्युटर चिपला) सांभाळावे लागतात. आता अर्डुइनो उनो या शिकायच्या बोर्डामधी जी एटमेगा३२८ असते तिची रॅम सगळी मिळून २ केबी, आणि इथरनेटची एक पूर्ण फ्रेम १५१८ बाइटची. एक फ्रेम आत घेतली की तुमच्या प्रोग्रामला उरलं काय? लायब्ररीवाले कसरत करून बसवतात, पॅकेट चिपच्याच ८ केबी बफरमधी ठेवून तुकड्या-तुकड्यानं वाचतात, एक सेन्सर अन् एक वेबपेज असेल तर चालून जातं. पण त्यात मॉडबस (कारखान्यातल्या मीटरशी बोलायची भाषा) टाका, एसडी कार्ड टाका, मग बघा कसं मधूनच लटकतं ते.

दुसरं म्हणजे करंट. ही चिप पाठवताना १८० मिलीअँपिअरपर्यंत घेते, आणि उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून अधिकृत मिळतात ५० मिलीअँपिअर. लेकरं सरळ त्याच पिनला जोडतात, लिंकचा लाइट लागतो, सगळे खुश, अन् डेमोच्या दिवशी रिसेट मारत बसतं. मग म्हणतात कोडमधी बग आहे. कोडमधी काही नसतं, वेगळा रेग्युलेटर टाकायला पाहिजे एवढंच.

आणि जी गोष्ट साइटवर खरी रडवते ती म्हणजे डुप्लेक्स, हाफ म्हणजे एका वेळी एकानंच बोलायचं, फुल म्हणजे दोघांनी एकदम. ईएनसी२८जे६० फक्त १० एमबीपीएसवर चालते आणि तिला ऑटो-निगोशिएशन, म्हणजे समोरच्याशी वेग अन् डुप्लेक्स आपोआप ठरवणं, येत नाही. समोरचा स्विच विचारतो, उत्तर येत नाही, मग तो आपलाच हाफ डुप्लेक्स धरून बसतो. इकडं कोणी कोडमधी फुल डुप्लेक्स लावलं असेल तर पिंग व्यवस्थित येतं, थोडा डेटाही जातो, अन् लोड आला की पॅकेट गळायला लागतात, तुम्ही केबल बदला, स्विच बदला, काही फरक पडत नाही. गंमत म्हणजे चिप चालू होताना तिच्या पीएचवायमधी (केबलवर सिग्नल पाठवणाऱ्या भागात) हाफ की फुल हे एलईडी-बी च्या पिनला एलईडी कसा जोडलाय, सरळ की उलटा, यावरून ठरतं! पीसीबी काढणाऱ्याला माहीत नसेल तर एका एलईडीपायी आठवडा जाईल. उपाय सोपा आहे, कोडमधी दोन्ही ठिकाणी, मॅकमधी (फ्रेम सांभाळणाऱ्या भागात) पण अन् पीएचवायमधी पण, हाफ लिहून टाकायचं, एलईडीच्या भरवशावर राहायचंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाणारा माल असेल तर विझनेटची डब्ल्यू५५०० घ्या. कोरियन कंपनी आहे. टीसीपी-आयपी चिपच्या आतच केलेलं आहे, ८ सॉकेट (एकेका कनेक्शनची जागा), ३२ केबी बफर, १०/१०० दोन्ही, ऑटो-निगोशिएशन पण आहे. तुमच्या छोट्या कंट्रोलरनं फक्त सॉकेट उघड, डेटा टाक, एवढंच म्हणायचं. फरक मॉड्यूलमागं फार तर शे-दोनशेचा पडतो, अन् तेवढं तर साइटवर एकदा जायच्या पेट्रोलला लागतं राव, जालना म्हटलं तरी. ४८ पायांची बारीक चिप आहे, हातानं लावायला जरा डोळे फोडावे लागतात, फ्लक्स भरपूर लावायचा अन् सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवायची नाही.

आता तिच्यातपण खोडी आहेत, नाहीत असं नाही. ८ सॉकेट म्हणजे खरंच ८. एक सॉकेट ऐकत बसतो, कोणी जोडला की तोच सॉकेट त्याचा होऊन जातो, दुसरा आला तर दुसरा सॉकेट आधीच उघडून ठेवायला लागतो. स्काडा (कारखान्याचा देखरेखीचा कॉम्प्युटर) एक, एचएमआय (मशीनवरचा स्क्रीन) एक, मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप एक, त्यांनी पेज उघडंच ठेवलेलं, असं करत करत भरतात. आयपीव्ही६ (इंटरनेटचे नवे लांब पत्ते) नाही, ते पाहिजे तर त्यांचीच डब्ल्यू६१०० आहे. टीएलएस, म्हणजे डेटा कुलूपबंद करून पाठवणं, तर चिप करतच नाही, ते तुमच्या कंट्रोलरला करावं लागतं, क्लाउडला सुरक्षित डेटा पाठवायचा असेल तर आठ बिटवाला कंट्रोलर सोडाच.

तसं असेल तर मग तिसरा रस्ता, एसटीएम३२एफ४०७ किंवा ईएसपी३२ सारखा कंट्रोलर घ्या ज्याच्या आतच मॅक आहे, आणि बाहेर लॅन८७२०ए सारखी नुसती पीएचवाय लावा. वेग मिळतो, रॅम भरपूर, एलडब्ल्यूआयपी हे टीसीपी-आयपीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण मॅक अन् पीएचवाय जोडणाऱ्या आरएमआयआयचं ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक असतं, पीसीबीवर ट्रॅक नीट काढावे लागतात, जंपर वायरवर हे होत नाही, आणि ईएसपी३२ मधी क्लॉक बाहेरून द्यायचं तर ते जीपीआयओ० वरच येतं, जी पिन बूटची पण आहे, म्हणून बूट होईपर्यंत ऑसिलेटर बंद ठेवायची सोय लागते. पहिल्यांदाच करणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

मॅक अ‍ॅड्रेसचं पण बोलू द्या. हा म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाचा वेगळा नंबर. ईएनसी२८जे६० अन् डब्ल्यू५५०० या दोन्ही चिपात फॅक्टरीतून तो येत नाही, तुम्ही द्यायचा असतो. सगळे अर्डुइनोच्या उदाहरणातला डीई-एडी-बीई-ईएफ-एफई-ईडी तसाच कॉपी मारतात. टेबलवर एक डबा, काही होत नाही. एकाच स्विचवर दोन डबे लावले की एक चालू तर दुसरा बंद, अन् दोन्ही डबेवाले एकमेकाला शिव्या घालतात. मायक्रोचिपची २४एए०२ई४८ नावाची छोटी ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी मेमरी चिप, मिळते, तिच्यात जगात एकच असा मॅक आधीच लिहून येतो, ती टाका अन् झोपा शांत.

विजेचं राहिलं. आपल्याकडं मे-जूनमधी वळवाचा पाऊस आला की वीज कडाडतेच. जॅकमधल्या ट्रान्सफॉर्मरला १५०० व्होल्टचं आयसोलेशन असतं, ते विजेपुढं काहीच नाही. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, १०० मीटरची मर्यादा तर आहेच, तिथं फायबर अन् मीडिया कन्व्हर्टर (फायबर अन् तांब्याची केबल जोडणारा डबा) टाका.

आता संपादक साहेब, विनंती अशी की हे टेंडर काढणाऱ्यांपर्यंत पण जाऊ द्या. कागदावर नुसतं लिहिलेलं असतं, 'इथरनेट पोर्ट असावा'. मग सगळ्यात खालचा रेट देणारा सगळ्यात स्वस्त मॉड्यूल चिकटवून मोकळा होतो अन् वर्षभरानं दुरुस्तीला आमच्यासारख्याला बोलावतात. त्याऐवजी १०/१०० ऑटो-निगोशिएशन, एका वेळी किती कनेक्शन लागणार त्याचा आकडा, आणि प्रत्येक डब्यावर वेगळ्या मॅकचं स्टिकर, एवढं तरी टेंडरमधी लिहायला लावा.

आपला,
एक वाचक, चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर