आम्ही निवांतच, हे ठरवलं कुणी?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्याकडं सगळे पाणी अन् रस्त्यांवर लिहितात, मी जरा वेगळं लिहायलोय. मी परभणीचा, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' वाला. पुण्यात नोकरीला लागलो तर पहिल्याच आठवड्यात एकजण म्हणला, मराठवाडा म्हणजे निवांत कारभार. खरं सांगतो, तोवर मी टायमात जाणारा माणूस होतो, पण मग पाच मिनिटं उशीर झाला की सगळे हसायचे, मी पण हसायचो, मग दहा मिनिटं, मग अर्धा तास, अन् वर मीच म्हणायचो की बाबांनो आमचं स्वातंत्र्यच १३ महिने लेट आलं, १७ सप्टेंबर १९४८ ला, आमच्याकडून काय अपेक्षा करता! लई हशा मिळाला ह्या जोकला. (रझाकारांचे दिवस बघितलेल्या आजोबांना मात्र तो कधी सांगितला नाही.)

१९९५ मध्ये अमेरिकेत क्लॉड स्टील अन् जोशुआ अ‍ॅरनसन ह्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, परीक्षा बुद्धी मोजायची आहे म्हणलं की कृष्णवर्णीय पोरं गोऱ्या पोरांच्या मागं पडायची, तीच परीक्षा नुसता प्रयोग म्हणून दिली की फरक बराच कमी व्हायचा. तिथं शिक्क्याची धास्ती होती. माझं उलटं, मला शिक्का सोयीचा वाटला, हे जास्त वाईट.

आता गावी परत आलो तर सगळे म्हणतात 'आले पुणेकर'. अन् परवा मी दारावर पाटी लावली, दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.

— एक वाचक, परभणी