गोल्डवॉटर यांची सगळी मते पाहा

संपादक महोदय,

अमेरिकी सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांचा विषय निघाला की वंशभेद रोखणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्धचे त्यांचे मत तेवढे सांगितले जाते. १९५७च्या नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने त्यांनी मत दिले होते आणि १९६०च्या मतदानाला ते गैरहजर असले तरी त्यांचा पाठिंबा जाहीर करण्यात आला होता, हे राहूनच जाते. १९६४ला त्यांचा आक्षेप दुसऱ्या आणि सातव्या प्रकरणाला, म्हणजे हॉटेलांसारख्या ठिकाणी व नोकरीत भेदभाव करण्यावरील बंदीला होता.

पण एवढ्यावर त्यांना मोकळे सोडता येणार नाही. अंतिम मतदानाआधीची नोंदही तपासावी, कारण विधेयक खरे अडते ते तिथे. १० जूनला चर्चा आवरती घेण्याच्या प्रस्तावालाही त्यांनी विरोध केला. तो ७१ विरुद्ध २९ मतांनी संमत झाला. अंतिम मतदानात त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे २७ सिनेटर बाजूने होते, विरोधात त्यांच्यासह फक्त ६.

– एक वाचक