‘ॲमट्रॅक जो’ आणि एका दिवसाची रजा

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेचे माजी अध्यक्ष बायडन यांच्यावरचा लेख वाचला. ‘ॲमट्रॅक जो’चं (ॲमट्रॅक म्हणजे तिथली प्रवासी रेल्वे) गुणगान यथासांग झालं आहे. सिनेटर असताना 36 वर्षं घरच्या विल्मिंग्टनहून वॉशिंग्टनला रेल्वेनं ये-जा, 2011 मध्ये विल्मिंग्टनच्या स्टेशनालाच त्यांचं नाव. छान! पण लेखकमहाशयांनी 2 डिसेंबर 2022 कुठे गाळला?

त्या दिवशी अध्यक्ष असलेल्या याच रेल्वेमित्राच्या सहीनं मालवाहू रेल्वेच्या कामगारांचा संप होण्याआधीच मोडला. 12 पैकी 4 युनियननी धुडकावलेला करार साऱ्यांच्या गळ्यात मारला. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, तसं करा म्हणून सांगितलं त्यांनीच, आणि त्याच निवेदनात स्वतःला कामगारांचा कैवारीही म्हणवून घेतलं. नाताळ तोंडावर होता, मान्य. 5 वर्षांत 24 टक्के पगारवाढ मिळाली, तेही मान्य. पण भांडण रजेचं होतं हो! आजारपणाची भरपगारी रजा मागत होते बिचारे. करारात जादा मिळाली एक दिवस. सात दिवसांची रजा देणाऱ्या ठरावाला सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, 52 मतं पडली, विरोधात 43, तरी ठराव आपटला, कारण तिथे 60 लागतात. पुढे 2023 मध्ये बऱ्याच कंपन्यांनी थोड्याफार रजा दिल्या. त्याच वर्षी हे गृहस्थ मिशिगनला मोटार कामगारांच्या संपात भोंगा घेऊन उभे! मोटारवाल्यांचा संप चालतो, रेल्वेवाल्यांचा नाही.

मी मालगाडीचा गार्ड होतो, म्हणून हे झोंबतं. एकदा अंगात ताप असताना ड्यूटीचा कॉल आला. सिक मेमो (आजारपणाची चिठ्ठी) मागितला तर लॉबीतले, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसातले, साहेब म्हणाले, “गाडी लागलीय. जाऊन या, मग व्हा सिक.” ब्रेकव्हॅनमध्ये ना दिवा ना पंखा, दाराची कडी तुटलेली, थंडीचे दिवस. प्रत्येक स्टेशनवर ‘ऑल राइट’, म्हणजे सारं ठीक असल्याची खूण, दाखवायला उठायचं, एका हातानं दांडी धरायची आणि दुसऱ्या हातातला हिरवा दिवा थरथरतोय. परत आल्यावर त्याच साहेबांनी विचारलं, “आता तर बरे दिसताय, मेमो कशाला?” अमेरिकेतल्या त्या पोरांना सात दिवस कशाला हवेत, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

जाता जाता, लेखाशेजारी धूर ओकणारं कोळशाचं इंजिन कशासाठी छापलंत? विल्मिंग्टन ज्यावर आहे त्या वॉशिंग्टन-न्यूयॉर्क मार्गावर 1935 पासून विजेच्या गाड्या धावतात. बायडन तेव्हा जन्मलेही नव्हते.

– एक निवृत्त गार्ड