मुहूर्त एकटे नातेवाईकच काढतात?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला मुहूर्ताच्या सिझरवरचा डॉक्टरबाईंचा लेख वाचला. चहा गार झाला, तो तसाच पिऊन पुन्हा वाचला. ‘नातेवाईकच गुरुजींकडून वेळ काढून आणतात, आम्ही तरी किती जणांना समजावणार’ असा एकूण सूर. ११-११-११ ला बाळ हवं म्हणून झालेली धावपळ, २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या सोहळ्याचाच दिवस हवा म्हणून धरलेले हट्ट, ही उदाहरणं खरी आहेत. तेव्हाच्या बातम्या मीही वाचल्या होत्या आणि कपाळावर हात मारून घेतला होता. पण लेख संपला तरी मुहूर्त काढणारे आम्हीच, आणि डॉक्टर बिचारे हात बांधून उभे!

माझ्या मुलीचं सांगते. ऑगस्ट २०२२. दिलेली तारीख होती २४. दहा तारखेला, बुधवारी, तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाल्या, “बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी वाटतंय. गळ्याभोवती नाळेचा एक वेढाही दिसतोय. रिस्क कशाला? उद्या करून टाकू.” करून टाकू! जसं काही राहून गेलेलं लाइटचं बिल. जावयांनी धीर करून विचारलं, आठवडाभर थांबलो तर? त्यावर बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर आमच्याकडे फिरवलं. “शनिवार-रविवार, सोमवारी पंधरा ऑगस्ट, मंगळवारी पतेती. मी मुंबईत नाही. मध्येच कळा सुरू झाल्या तर दुसरे डॉक्टर बघतील. चालेल?” पहिलटकरीण मुलगी, नऊ महिने ज्यांच्याकडे दाखवलं त्याच नसणार म्हटल्यावर रडायलाच लागली. झालं, सह्या झाल्या.

आता माझाही गुन्हा कबूल करते, नाहीतर लेख लिहिणाऱ्या बाई म्हणतील की बघा, हे लपवलं. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. त्या वर्षी भद्रेवरून, म्हणजे पंचांगातल्या अशुभ वेळेवरून, केवढा गोंधळ झाला होता, राखी रात्री नऊनंतरच बांधा म्हणून मोबाइलवर निरोप फिरत होते, ते वाचकांना आठवत असेल. मी हळूच विचारलं, “करायचंच आहे तर रात्री नऊनंतर नाही का जमणार?” डॉक्टर हसल्या. “काकू, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, अंधश्रद्धा सोडा आता. दुपारी दोन. संध्याकाळी माझी ओपीडी असते.” म्हणजे माझी भद्रा ती अंधश्रद्धा आणि त्यांची पतेती ते वैद्यकशास्त्र. मी गप्प बसले. अजूनही बसलेच असते, पण कालचा लेख आला.

नात दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी झाली. रडली छान, पण श्वास भरभर घेत होती, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली. दोन दिवस. आई टाके घेऊन दुसऱ्या मजल्यावर, बाळ चौथ्यावर, आणि मी लिफ्टमध्ये. पेटीचे ३४ हजार वेगळे लागले. तिसऱ्या दिवशी लहान मुलांचे डॉक्टर बाळाला तपासता तपासता सहज बोलून गेले, “अजून आठवडाभर आत राहिली असती तर हा त्रास बहुधा झाला नसता.” तसं कारण नसेल तर ठरवून करायचं सिझर ३९ आठवड्यांच्या आधी करत नाहीत, कारण बाळाची फुप्फुसं पुरती तयार व्हायला तो वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. आमचे ३८ आठवडे आणि एक दिवस झाला होता. नंतर सोनोग्राफीचा कागद नीट पाहिला. पाण्यापुढे ९ लिहिलेलं. पाचच्या खाली गेलं की कमी धरतात. आणि नाळेचा वेढा? चार-पाच बाळांतल्या एकाच्या तरी गळ्यात तो असतो आणि बहुतेक वेळा काही न होता सुटतो. हे आम्हाला बुधवारी कोणी सांगितलं नाही.

सिझर नकोच असं म्हणणारी मी नाही. माझ्या धाकट्या जावेची वार (प्लॅसेंटा) खाली होती, रात्री रक्तस्राव सुरू झाला. सिझर नसतं तर ती आणि पुतण्या दोघंही गेले असते. त्या डॉक्टरांच्या आजही पाया पडेन.

पण लेखाच्या चौकटीत देशातल्या सिझरचा २१.५ टक्के हा आकडा दिला आणि बाई पंचांगाकडे वळल्या. त्याच सर्वेक्षणातले (२०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) पुढचे आकडे जावयांनी मला फोनवर काढून दाखवले. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या घरी पंचांग नसतं का? की त्यांच्या गुरुजींना मुहूर्त काढता येत नाहीत? गुंतागुंतीच्या केसेस, उशिराची बाळंतपणं वगैरे कारणं असतील, आहेतच. तरी तिपटीहून जास्त?

ही मुलगी झाली तेव्हा, १९९१ साली, मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात होते. दिवस वर गेले होते आठ. रात्रभर कळा, आणि आया खेकसत होती, “ओरडतेस काय, तू एकटीच बाळंत होतेयस का?” त्या जागेचं कौतुक मला सांगू नका. पण पहाटे एक डॉक्टरीण स्टुलावर येऊन बसली, माझ्या पोटावर हात ठेवून मनगटावरच्या घड्याळात कळा मोजत. बराच वेळ. काही बोलली नाही. मग म्हणाली, “होईल, थांबू.” एवढंच. तिची ड्यूटी होती, बसणं तिला परवडत होतं. एकट्याने नर्सिंग होम चालवणाऱ्याला रात्रभर असं बसणं परवडत नसेल, हे मला समजतं. मग तेच लिहा ना! आमच्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणत, म्हणजे २७९ दिवस झाले. डॉक्टर पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० मोजतात. मोजायला सगळ्यांनाच येतं, प्रश्न थांबण्याचा आहे.

आणि ज्या पानावर हा लेख, त्याच्याच खाली ‘नॉर्मल, सिझर, डिलक्स रूम’ अशा पॅकेजची पाव पान जाहिरात होती. ती कोणत्या मुहूर्तावर छापलीत?

जाता जाता, भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही गेल्या महिन्यापासून छापत नाही. आम्ही माहीमचे लोक त्या बघून फिरायला निघतो. राशिभविष्याला मात्र अर्धा कॉलम रोज आहे.

पत्र लांबलंय, तुम्ही कापणारच. मागचंही कापलं होतंत. फक्त मी रात्री नऊनंतरची वेळ मागितली होती, तो भाग कापू नका.

– एक आजी, माहीम