सिंगापूर सहल : विमानात जवळ ठेवावयाच्या पिशवीबाबत

सहलीस येणाऱ्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मुंबईहून रात्री निघणारा हा प्रवास सुमारे साडेपाच तासांचा असल्याने विमानात जवळ ठेवावयाची पिशवी प्रत्येकाने विचारपूर्वक भरावी व तिचे वजन ७ किलोंपेक्षा जास्त होऊ देऊ नये.

रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह याच पिशवीत असावीत. मागील सहलीत एका सभासदाच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या आणि ती बॅग दुसऱ्या दिवशी हाती आली, हे अनेकांना आठवत असेलच.

विमानातील हवेची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहूनही कमी असल्याने ओठ व डोळे कोरडे पडतात. त्यासाठी पाण्याची रिकामी बाटली न्यावी व ती सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्यावी. खोबरेल तेल, मलम इत्यादी १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांतच चालते. २०० मिलिलिटरची बाटली अर्धी रिकामी असली तरी काढून घेतली जाते. शाल व सुती मोजे विसरू नयेत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवण्यास मनाई आहे. विमान उतरताना कानांना दडे बसतात, तेव्हा चघळण्यासाठी लिंबाच्या गोळ्या ठेवाव्यात. च्युइंगगम मात्र नको, कारण सिंगापूरमध्ये ते नेण्यास बंदी आहे.

भरलेली पिशवी स्वतः उचलून डोक्याच्या वर ठेवता येते का, हे कृपया घरीच पाहावे.

— सहल समिती